सोबतीला एकच जण

ताईच्या पोटातलं बाळ पहिल्यांदा हललं, ते टाचणीच्या आधी चष्मेवालीला कळलं. तिथूनच सगळं बिनसलं.

टाचणी म्हणजे ताईची धाकटी बहीण. सतरा वर्षांची, काडीसारखी बारीक, आणि कुठूनही धरा, टोचणारच. शाळा तिने आठवीत सोडली होती. तिचं म्हणणं, शाळेनेच तिच्यापुढे हात टेकले. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि ताई सोळाची. तेव्हापासून तिच्या वेण्या, तिचे ताप, तिने घरापर्यंत आणलेली भांडणं, सगळं ताईनेच निस्तरलं. ताईचं लग्न झालं तेव्हासुद्धा टाचणी आपली पिशवी उचलून सरळ तिच्या मागोमाग नव्या घरात शिरली. भाऊजी क्रेन चालवतात, साठ हात उंचावर दिवसभर बसतात, पण टाचणीसमोर त्यांचा आवाज कधी चढला नाही. ते एवढंच म्हणाले, "बरं, एक गादी जास्त घालू."

दोघी बहिणी जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवायच्या दुकानात कामाला होत्या. फाटकं कापड उतरवायचं, दबलेला फोम काढून नवा घालायचा, वर नवं कापड ताणून पिना मारायच्या. हे काम जोडीचं. एकीने कापड खेचायचं, दुसरीने पिना मारायच्या. चार वर्षं खेचायला टाचणी आणि पिना मारायला ताई. ताईला पाचवा महिना लागला तसं मालकिणीने तिला वाकायचं काम बंद केलं. खुर्चीत बसून बटणांना कापड चढव म्हणाली. आणि पिना मारायला नवी बाई आणली. तिशीतली, तीन पोरांची आई, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं.

एक दिवस चहाच्या वेळी ही चष्मेवाली ताईला सहज म्हणाली, "काल जेवताना परत हललं का गं?"

टाचणीच्या हातातला कप तोंडापाशीच थांबला. "परत?"

ताई म्हणाली, "अगं, सोमवारी जरासं हललं. इथेच, बटणं करताना. ती शेजारी होती, तिचाच हात धरून पोटावर ठेवला मी."

"आणि मी कुठे मेले होते?"

"बाहेर फोम उतरवत होतीस."

"हाक मारायची ना मग."

"हाक मारेपर्यंत थांबलं ते."

"बघ की. चष्मेवाल्यांसाठी मात्र बरं हलत राहतं ते."

ताई हसली. चष्मेवालीही हसली, आणि तेच टाचणीला जास्त झोंबलं. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, हसणाऱ्याचं काय करायचं?

त्या दिवसापासून टाचणीने डोळे उघडे ठेवले, आणि तिचे डोळे म्हणजे काय, भिंतीतल्या मुंग्या मोजतील. तिने पाहिलं की ताई त्या बाईला आधी 'तुम्ही' म्हणायची, ते दोन महिन्यांत 'तू' झालं. डब्यातली पहिली फोड त्या बाईकडे सरकते. दुपारी पाय सुजले की ताई तिच्याकडे बघते, आणि ती न बोलता पायाखाली स्टूल सरकवते. टाचणी स्टूल आणायला उठेपर्यंत स्टूल पायाखाली. टाचणीचा नुसता जळफळाट व्हायचा. ती मुद्दाम चष्मेवालीला 'तुम्ही'च म्हणायची, आणि ते इतकं लांबवून की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

कामातही तेच. कापड खेचणारीने खेचायचं आणि विचारायचं, "बस?" पिना मारणारी "अजून" म्हणाली तर अजून, "बस" म्हणाली तर तिथे धरून ठेवायचं. टाचणीला विचारत बसायला वेळ नसायचा. तिच्या हाताला कळायचं, निदान तिला तसं वाटायचं. चष्मेवाली दिवसातून दहा वेळा म्हणायची, "सांगेपर्यंत थांब ना जरा." टाचणी म्हणायची, "ताई असं कधी म्हणाली नाही."

ताईचा दवाखाना बसच्या दोन थांब्यांवर. तिथे पद्धत अशी की प्रसूतीच्या खोलीत बाईबरोबर एकच माणूस. ते कोण, हे बाईने स्वतः ठरवायचं आणि आठव्या महिन्याच्या आत आपल्या कार्डावर लिहायचं. कार्डावर ओळच होती तशी, 'सोबत कोण?'

भाऊजींनी आधीच हात वर केले. "मला नेऊ नका. रक्ताचा थेंब दिसला की मी आडवा. मग ते लोक हिला बघतील का मला?"

म्हणजे प्रश्नच मिटला. टाचणीने कुणाला काही विचारलं नाही. ती दर बुधवारी ताईबरोबर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जायला लागली. तिथे आठ-दहा पोटुशा बाया आणि त्यांच्या सोबतिणी गोल करून बसायच्या आणि नर्सबाई शिकवायची. कळ आली की श्वास कसा घ्यायचा, कंबर कशी चोळायची. आणि कुणी काही करायला आलं तर काय विचारायचं. हे कशासाठी? लगेच नाही केलं तर काय होईल? थोडा वेळ मिळेल का? नर्सबाई म्हणायची, "शरीर तुमचं आहे. विचारलं म्हणून इथे कुणी रागावणार नाही. आणि रागावलंच कुणी, तर मला सांगा."

मग ती एकेकीपाशी यायची. ताईपाशी आली आणि म्हणाली, "कळा सुरू झाल्या की तुला काय बरं वाटेल? बसणं, चालणं, पडून राहणं?"

"तिला कुशीवर पडायला आवडतं," टाचणी म्हणाली.

"प्यायला काय?"

"गार नको तिला. दात शिवशिवतात."

नर्सबाईने टाचणीकडे पाहिलं, मग परत ताईकडे. "आणि भीती कशाची वाटते का?"

ताईने तोंड उघडलं होतं. टाचणी म्हणाली, "तिला? तिला कशाचीच भीती वाटत नाही. लहानपणी आमच्याकडे चोर शिरला होता, तर हिने त्याला लाटणं मारलं."

सगळ्या बाया हसल्या. ताईपण हसली, तोंड मिटून. नर्सबाई म्हणाली, "छान. पण मी हिला विचारलं होतं." टाचणीला वाटलं, काय बाई आहे, उत्तर मिळाल्याशी मतलब.

पुढच्या बुधवारी ताई चप्पल घालता घालता म्हणाली, "आज तिला नेते बरोबर."

"कुणाला?" टाचणीने विचारलं, माहीत असूनही.

"आज दवाखान्याची सुट्टी घे तू. दर वेळी ताटकळतेस."

"मी कधी म्हटलं ताटकळते?"

"नाही म्हटलंस. तरी घे."

त्या दिवशी दुकानात टाचणीने एका खुर्चीचं कापड असं खेचलं की कोपऱ्यात टर्रकन फाटलं. मालकीण ओरडली, तर टाचणीने कापडालाच दोष दिला. संध्याकाळी त्या दोघी परत आल्या. ताईचे डोळे रडल्यासारखे लाल, पण चेहरा हलका, ओझं उतरवल्यासारखा. टाचणीने तो चेहरा पाहिला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. ताई रडली होती. तिच्यासमोर ताई आठ वर्षांत एकदाही रडली नव्हती. रडायलासुद्धा बाहेरची बाई लागली.

चार दिवसांनी दुपारी ताई झोपली होती आणि कार्ड उशाशी होतं. टाचणीने ते उघडलं. वजन, रक्तदाब, तारखा. खाली ती ओळ. 'सोबत कोण?' आणि पुढे ताईच्या गोल गोल अक्षरात चष्मेवालीचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. टाचणीला ते आडनाव माहीतसुद्धा नव्हतं.

ती उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. मग पेन आणलं, त्या नावावर आडवी रेघ मारली, परत मारली, कागद फाटेपर्यंत मारली, आणि बाजूला लिहिलं, 'बहीण'. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. लपवायची अक्कल तिला त्या वेळी सुचली नाही, आणि सुचली असती तरी तिने लपवलं नसतं. सख्खी बहीण असताना लपवायचं काय त्यात?

तपासणीच्या दिवशी ती हट्टाने बरोबर गेली. नर्सबाईची एक रीत होती, पहिली दहा मिनिटं बाई एकटी आत. नवरा नको, सासू नको, बहीण नको. टाचणी बाहेर बाकावर गुडघे हलवत बसली. दहाची वीस मिनिटं झाली. ताई बाहेर आली, टाचणीकडे न बघता सरळ पुढच्या दाराने निघाली आणि पायऱ्यांवर जाऊन बसली. पोटामुळे तिला बसायलाही कठडा धरावा लागत होता. टाचणीने दंड धरला, तर ताईने तो सोडवून घेतला.

"नर्सबाईने विचारलं, कुणी जबरदस्ती करतंय का तुझ्यावर," ताई म्हणाली. "घरच्यांनी खोडलं का नाव. मला लाज वाटली सांगायला."

"लाज कसली? मी खोडलं. सांगायचं ना."

"सांगितलं. आणि परत लिहून आले. तेच नाव."

टाचणीच्या कानशिलात गरम झालं. "तिने काय केलंय गं तुझ्यासाठी? स्टूल सरकवलं? मी तुझ्यासाठी जीव देईन."

"माहीत आहे मला. जीव मागितलाय का मी?"

रस्त्यावरून एक माणूस सायकलवर गाद्यांची चळत घेऊन चालला होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या, कारण एकमेकींकडे बघणं नको होतं.

मग ताई म्हणाली, "चार वर्षं तुझ्याबरोबर पिना मारल्या मी. तू किती वेळा थांबलीस? मी 'बस' म्हणायच्या आत तू खेचून मोकळी. मी सांभाळून घेतलं, बोलले नाही. खुर्चीचं चालतं. त्या खोलीत मला चालणार नाही."

"म्हणजे मी तुला फाडीन?"

"आणि दुसरं," ताई म्हणाली, जशी काही टाचणी बोललीच नव्हती. "नर्सबाईने विचारलं ना, भीती कशाची वाटते. मला वाटते भीती. मी ओरडेन आणि कुणी ऐकणारच नाही, याची. हे मला तिच्यासमोर बोलता आलं. तुझ्यासमोर मला घाबरता येत नाही गं. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून नाही येत."

 टाचणी एकटीच बसने घरी आली, आणि पुढचे तीन आठवडे ताईशी फक्त मिठाचा डबा आणि टॉवेल एवढ्यापुरतं बोलली. चष्मेवालीवर मात्र तिने आणखी खार खाल्ला. घाबरायची जागा. असल्या जागेचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे तिला तेव्हा कळलं.

ताईचं पोट दुखायला लागलं ते दुकानातच, भर दुपारी. मालकीण ये म्हणत नव्हती, पण घरात बसून ताईला करमत नव्हतं. न्हाव्याकडची एक फिरती खुर्ची आली होती, लाल रेक्झिनची. ताई तिच्या पाठीला धरून उभी राहिली आणि खाली वाकली. फरशीवर पाणी सांडलं. "आलं वाटतं," ती म्हणाली, एखादं पार्सल आल्यासारखं.

मालकीण टॅक्सी बघायला धावली. ताई म्हणाली, "तिला फोन लाव."

चष्मेवाली टेम्पोबरोबर फोमच्या गोदामात गेली होती. तिचा फोन मात्र टेबलावर चार्जिंगला लावलेला. टाचणीने तो उचलून दाखवला. "फोन इथेच आहे."

हे खरं होतं. पण गोदामाचा नंबर टाचणीला तोंडपाठ होता, दर आठवड्याला फोमची मागणी तीच सांगायची. तिने तो नंबर गिळला. टॅक्सीत गिळला, दवाखान्याच्या पायऱ्यांवर गिळला. फक्त भाऊजींना फोन करून बोलावलं. चार थांबे दूर असलेली ती बाई संध्याकाळी दुकानात परत येईल आणि रिकामी खुर्ची बघेल. तोवर सगळं आटोपलेलं असेल. खोटं एक अक्षरही बोलावं लागणार नव्हतं.

आत नर्सबाईने कार्ड पाहिलं. "सोबत?"

"ती यायचीय," ताई म्हणाली.

"तोपर्यंत?"

ताईने टाचणीकडे पाहिलं, बराच वेळ. "ही थांबेल. पण तू माझ्याऐवजी बोलायचं नाहीस. काही झालं तरी."

"नाही बोलणार," टाचणी म्हणाली. शेवटी जागा मिळाली होती. आतून तिला जिंकल्यासारखं वाटलं.

खोली लहान, स्वच्छ, खिडकीला अर्धी काच दुधी. नर्सबाई म्हणाली, "पडतेस का?" टाचणीच्या जिभेवर 'कुशीवर' आलं होतं. तिने दातांनी जीभ धरली.

"नाही. चालते," ताई म्हणाली.

आणि चालली. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. नर्सबाई म्हणाली, "हातात सुई लावून ठेवू का?"

"कशासाठी?"

"सलाइन द्यायची वेळ आली तर शोधाशोध नको."

"आता गरज आहे का? की थोड्या वेळाने लावली तरी चालेल?"

"आत्ता सगळं ठीक आहे. तासाभराने बघू."

"मग तासाभराने," ताई म्हणाली. एवढं साधं. टाचणी बघत राहिली. ही ताई मालकिणीला सुट्टी मागताना चार वेळा वाक्य घोळवायची. हिला हे असं बोलता येतं कधीपासून? आणि पाणी तिने मागितलं ते गारच मागितलं. टाचणीला एकदम वाटलं, ही बाई आपल्या ओळखीचीच नाही, आणि तिची ओळख दुसऱ्या कुणाला तरी आधीच झालीय. परत तीच आग.

कळ आली की ताई भिंतीला कपाळ टेकायची. कळ गेली की दाराकडे बघायची. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाली, "दुकानात परतून निरोप मिळाला असेल का तिला?"

टाचणीने खांदे उडवले.

मग मोठी कळ आली. ताईच्या गळ्यातून आवाज निघाला आणि तिने तो मध्येच दाबला. ओठ इतके आवळले की पांढरे पडले. कळ गेली तशी तिने घाम पुसला, टाचणीकडे वळली आणि तोंडभर हसली. तेच हसू, टाचणी वह्या न घेता शाळेतून पळून आली की हसायची ते, तिच्या तापात कपाळावर हात ठेवताना हसायची ते. म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का गं तू?"

टाचणीला तोंडात मारल्यासारखं झालं. जागा तिला मिळाली होती. पण त्या जागेवर ती उभी असेपर्यंत ताई ओरडणार नव्हती, घाबरणार नव्हती. पोर होईपर्यंत टाचणीचीच आई बनून राहणार होती.

"ताई," ती म्हणाली, "गोदामाचा नंबर आहे माझ्याकडे. पहिल्यापासून होता."

 पुढची कळ यायच्या आत ताईने फक्त दाराकडे बोट केलं.

फोन गेल्यापासून वीस मिनिटांत चष्मेवाली आली. केसांत फोमचे कण, चष्मा नाकावर घसरलेला, चपलेचा एक पट्टा तुटलेला. टाचणी दारात उभी होती. आत ताई पाठमोरी होती. चष्मेवाली तिच्याजवळ गेली, हात पुढे केला आणि विचारलं, "धरू?"

"धर," ताई म्हणाली, आणि त्याच दमात अशी ओरडली की टाचणीच्या अंगावर काटा आला. असा आवाज तिने ताईचा जन्मात ऐकला नव्हता. नर्सबाईने शांतपणे दार लावलं, टाचणी बाहेर राहील असं.

बाहेर बाकावर भाऊजी डोकं गुडघ्यात घालून बसले होते. रक्त न बघताच त्यांचा रंग उडाला होता. टाचणी शेजारी बसली. आतून ओरडणं येत होतं, मध्येच शिव्या येत होत्या. चक्क शिव्या, टाचणीलाही नवीन अशा दोन. एकदा तर हसण्याचा आवाज आला, दोघींचा. टाचणीने बाकाची कड दोन्ही हातांनी आवळली. काय झालं असेल हसण्यासारखं? हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

"तू का बाहेर?" भाऊजींनी गुडघ्यातूनच विचारलं.

"तिने सांगितलं म्हणून."

"बरं," भाऊजी म्हणाले, आणि पुन्हा डोकं खाली.

सूर्य खिडकीवरून उतरून गेला तेव्हा आतून बारीक, चिरका आवाज आला, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. नर्सबाई बाहेर आली. "मुलगी. दोघी ठणठणीत. पण ती म्हणते, अर्धा तास कुणी आत यायचं नाही. ती आणि बाळ, दोघीच."

तिच्या पाठोपाठ चष्मेवाली बाहेर आली. चष्म्यावर वाफ, केस विस्कटलेले.

"तुम्हालाही काढलं?" टाचणीने विचारलं.

"मलाही."

टाचणीला जरा बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. तिने बाकावर थोडी जागा केली, फार नाही. चष्मेवाली टेकली. तिच्या मनगटावर ताईची चार नखं रुतून लाल खुणा उमटल्या होत्या. टाचणी त्या खुणांकडे बघत राहिली. त्या आपल्या हातावर नाहीत, हे आत कुठेतरी टोचत राहिलं.

"आत काय काय म्हणाली ती?" शेवटी न राहवून तिने विचारलं.

चष्मेवालीने ओढणीने काचा पुसल्या. "ते तिलाच विचार. तिला सांगायचं असेल तर सांगेल."

टाचणीचा अगदी तिळपापड झाला, पण यावर भांडायला जागाच नव्हती.

तेवढ्यात भाऊजी उठले. आता त्यांचा रंग परत आला होता, आणि बाप झाल्याचं डोक्यात शिरलं होतं. ते दाराकडे निघाले, म्हणाले, "मी फक्त डोकावतो. नवराच आहे ना मी, मला काय म्हणेल ती?"

टाचणीने उठून त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना मागे ओढलं.

"अर्धा तास म्हणाली ना ती. आत्ताशी दहाच मिनिटं झालीत. बसा."